सेटरच्या नजरेतून : निकोला ग्रबिच यांच्याबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पोलंडच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाबद्दल लिहिताना त्यांचे सर्बियन प्रशिक्षक निकोला ग्रबिच यांचं नाव मी ओझरतं घेतलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देतोय. मी स्वतः सेटर म्हणून, म्हणजे मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा म्हणून, खेळलो. शाळेत पोरं खेळवतानाही माझी नजर आधी सेटरच्या हातांकडे जाते. ग्रबिचही सेटरच. त्यामुळे माझा कल उत्तरांत दिसेल, आणि तो दिसू द्यायला माझी हरकत नाही.

प्रश्न : मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच असं नाही, हे आपण क्रिकेटमध्येही पाहिलंय. ग्रबिच दोन्हीकडे कसे टिकले? मुळात ते आहेत कोण? (एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : जन्म ६ सप्टेंबर १९७३ चा, सर्बियाच्या उत्तरेकडच्या झ्रेन्यानिन शहरातला. वाढले तिथून जवळच्या क्लेक या लहानशा गावात. घरातच व्हॉलीबॉल होता. वडील मिलोश ग्रबिच युगोस्लाव्हियाकडून खेळले आणि १९७५ च्या युरोपियन स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेल्या संघात होते. थोरला भाऊ व्लादिमिर, ज्याला सगळे वान्या म्हणतात, तो जबरदस्त स्मॅश मारणारा. थोरला मारणारा आणि धाकटा त्याला चेंडू उचलून देणारा, अशी ही जोडी.

पण निकोलांच्या उमेदीच्या वर्षांत त्यांच्या देशाला खेळायलाच बंदी होती. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर, म्हणजे तेव्हा सर्बिया ज्यात होता त्या देशावर, निर्बंध घातले आणि तिथले संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर गेले. अठरा-एकोणीस ते एकवीस-बावीस हे वय खेळाडू घडण्याचं, आणि नेमक्या त्या वयात या पिढीला देशाची जर्सी मिळाली नाही. १९९५ मध्ये दार उघडलं, आणि हा संघ त्याच वर्षी युरोपियन स्पर्धेत कांस्यपदक घेऊन गेला. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्य. १९९८ ला जागतिक स्पर्धेत रौप्य. २००० साली सिडनीत अंतिम सामन्यात रशियाला सरळ तीन सेटमध्ये हरवून सुवर्ण. प्रशिक्षक होते झोरान गायिच. वान्यानं जाहिरातींच्या फलकांवरून उडी मारून चेंडू परत आणला, ते दृश्य सर्बियात अजून दाखवतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती चित्रफीत दाखवतो तेव्हा सांगतो, वान्याकडे नंतर बघा. आधी बघा, चेंडू परत येतोय हे कळताच बाकीचे कसे जागा घेतात ते.

पुढची बरीच वर्षं इटलीत गेली : त्रेविझो, पियाचेन्झा, त्रेन्तो, कुनेओ. २००९ मध्ये त्रेन्तोकडून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली. शेवटी रशियात कझान. २०१४ मध्ये खेळणं थांबवलं आणि त्याच वर्षी पेरुजियाच्या क्लबचे प्रशिक्षक झाले.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्मॅश मारणाऱ्याला एका वेळी एक चेंडू दिसतो, आणि त्याला तेवढाच दिसायला हवा. सेटरला प्रत्येक चेंडूवर अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं की आज कोणाचा हात चालतोय, समोरचा ब्लॉक, म्हणजे जाळ्याजवळ उडी मारून चेंडू अडवणारे, कोणाच्या मागे धावणार, आणि गेल्या दोन चेंडूंवर चुकलेल्या माणसाला पुन्हा चेंडू द्यायचा की नाही. शेवटचा निर्णय सगळ्यात अवघड. दिला आणि पुन्हा चुकला तर दोष सेटरचा. नाही दिला तर तो गडी त्या दिवसापुरता संपला. वीस वर्षं हे केलेला माणूस बाकावर आला, तर त्याचं काम खूप बदलत नाही. ग्रबिच यांच्या यशामागे मला हेच दिसतं. बाकीची कारणं, म्हणजे इटलीतली शिस्त, ऑलिंपिकचं पदक, वेगवेगळ्या देशांतल्या ड्रेसिंग रूमचा अनुभव, ही सगळी त्यानंतरची.

प्रश्न : मग सर्बियानं त्यांना का जाऊ दिलं? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : सर्बियाचा काळ गोड-कडू होता. २०१५ ला ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी वर्ल्ड लीग या राष्ट्रीय संघांच्या वार्षिक स्पर्धेत रौप्य आलं. २०१६ मध्ये पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरात ब्राझीलला ३-० हरवून वर्ल्ड लीगचं सुवर्ण आलं. पुढच्याच महिन्यात रिओ ऑलिंपिक होतं आणि सर्बियाचा संघ त्यासाठी पात्रच ठरलेला नव्हता. म्हणजे वर्ल्ड लीगचा विजेता घरी, आणि ज्याला हरवलं तो ब्राझील रिओत ऑलिंपिक विजेता. २०१७ ला युरोपियन कांस्य, २०१८ च्या जागतिक स्पर्धेत चौथा क्रमांक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत इटलीनं अडवलं आणि ग्रबिच बाजूला झाले.

त्यांच्या जागी आले सिडनीतलेच त्यांचे सहकारी स्लोबोदान कोवाच, आणि पुढच्याच महिन्यात सर्बियानं युरोपियन स्पर्धा जिंकली. हे वाचून कोणी म्हणेल की अडचण ग्रबिच यांचीच होती. मला ते पटत नाही. तो संघ चार वर्षं ज्यांनी बांधला, त्यांचा त्या सुवर्णात वाटा आहेच. पण कोवाच यांचं श्रेयही कमी करू नये. थकलेल्या संघाला कधीकधी नुसता नवा आवाज पुरतो, आणि तो आवाज नेमका कसा लावायचा हे कोवाच यांना कळलं.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त व्ह्रोत्स्वाफला राहतो. इथे ऑफिसात सगळे ग्रबिच यांना घरचा माणूस असल्यासारखं बोलतात. परक्या देशाच्या प्रशिक्षकावर एवढं प्रेम कसं? आणि सर्बियाविरुद्ध सामना असला की त्यांना काय वाटत असेल? (एक मराठी वाचक, पोलंड)

उत्तर : तुमच्यापासून फार लांब नाही, ओडर नदीकाठी केन्जेझिन-कोझ्ले नावाचं गाव आहे. रासायनिक खतांच्या कारखान्याचं गाव. तिथला झाक्सा हा क्लब ग्रबिच यांनी २०१९ मध्ये हाती घेतला. पहिला हंगाम करोनानं अर्ध्यात तोडला. दुसऱ्या हंगामात, २०२०-२१ मध्ये, झाक्सानं चॅम्पियन्स लीग जिंकली. उपांत्यपूर्व फेरीत इटलीचा लुबे, उपांत्य फेरीत कझान, दोन्ही वेळा निकाल गोल्डन सेटवर गेला. गोल्डन सेट म्हणजे दोन सामन्यांत बरोबरी झाल्यावर पंधरा गुणांचा एकच निर्णायक सेट. १ मे २०२१ ला व्हेरोनात त्रेन्तोला ३-१ हरवलं. ज्या त्रेन्तोकडून खेळाडू म्हणून त्यांनी हीच स्पर्धा जिंकली होती, त्याच क्लबला. १९७८ नंतर पहिल्यांदा पोलिश क्लबला युरोपातला सर्वोच्च चषक मिळाला. कारखान्याच्या गावात राहून, तिथल्या हिवाळ्यात काम करून तो मिळवलेला. प्रेम तिथून सुरू झालं.

त्या संघातले झाटोर्स्की, श्लिफ्का, सेमेनिउक, काचमारेक, कोखानोव्स्की पुढे राष्ट्रीय संघात ग्रबिच यांना पुन्हा भेटले. मधे एक हंगाम पेरुजियात परत जाऊन इटालियन कप जिंकला, आणि २०२२ पासून पोलंड.

राष्ट्रीय संघात आल्या आल्या त्यांनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. मिहाऊ कुबियाक हा २०१८ च्या जगज्जेत्या संघाचा कर्णधार. लोकांचा लाडका, मैदानावर पेटणारा. ग्रबिच यांच्या पोलंडमध्ये तो नव्हता. कर्णधारपद आलं बार्टोश कुरेककडे. तुमच्या ऑफिसात तेव्हा यावरून किती वाद झाला असेल, याची कल्पना करू शकतो. परक्या माणसानं येऊन गावच्या लाडक्याला बाहेर ठेवायचं आणि तरीही गावाचं प्रेम मिळवायचं, ही साधी गोष्ट नाही.

सर्बियाविरुद्धचं म्हणाल, तर २०२३ च्या युरोपियन स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीतच, इटलीतल्या बारीमध्ये, पोलंडसमोर सर्बिया आला. पोलंड ३-१ जिंकला. त्यांच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू? एवढं खरं की त्यांच्या देशाचं व्हॉलीबॉलमधलं ऑलिंपिक सुवर्ण त्यांच्याच बोटांनी उचललेल्या चेंडूंवर आलं होतं. काम मात्र त्यांनी पोलंडचं केलं, आणि चार दिवसांनी रोममध्ये इटलीला ३-० हरवून युरोपियन सुवर्णही आणलं.

प्रश्न : सर, मी बारावीत आहे, सेटर खेळते. मी पुढच्या रांगेत आले की आमचे सर मला बाहेर घेतात आणि आमच्या मुख्य मारणारीलाही त्याच वेळी बदलतात. तीन फेऱ्या झाल्या की दोघींना परत आत. घरी सगळे विचारतात, तू चांगली खेळत नाहीस का? मलाही तसंच वाटायला लागलंय. (एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा)

उत्तर : पोरी, तुझे सर जे करतायत ते जगातले चांगले संघ करतात. ग्रबिच यांचा पोलंड तर सर्रास करतो. याला दुहेरी बदल म्हणतात. घरच्यांनाही समजावं म्हणून सविस्तर सांगतो.

सेटर आणि मुख्य मारणारी, जिला आपण ऑपोझिट म्हणतो, या मैदानावर एकमेकींच्या समोरासमोर असतात. एक पुढच्या रांगेत तर दुसरी मागच्या. तू मागे असतेस तेव्हा पुढे तिन्ही मारणाऱ्या असतात. तू पुढे आलीस की जाळ्याजवळ दोनच मारणाऱ्या उरतात, आणि ब्लॉकलाही बहुतेक वेळा सेटर बाकीच्यांपेक्षा बुटकी असते. समोरचा संघ हे ओळखून तुझ्या डोक्यावरूनच मारतो. म्हणून सर काय करतात? तुझ्या जागी, पुढच्या रांगेत, बाकावरची ऑपोझिट आणतात. आणि मागे गेलेल्या ऑपोझिटच्या जागी बाकावरची सेटर. झालं, पुढे पुन्हा तीन मारणाऱ्या, मागून सेटर. तीन फेऱ्यांनी तू मागे जायची वेळ आली की तुम्ही दोघी परत आत.

किंमत बघ आता. एका सेटमध्ये सहा बदल मिळतात. या खेळीत आत-बाहेर मिळून चार जातात. कोणाचा पाय मुरगळला, लिबेरोशिवाय, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणाऱ्या खेळाडूशिवाय, कोणाला विसावा द्यायचा झाला, तर उरतात दोन. एखादा प्रशिक्षक चार बदल असे खर्च करतो तेव्हा त्याला बाकावरच्या दोघींवर तेवढाच भरवसा असावा लागतो. तुझ्यावर नाराजी असेल तर कोणी एवढा हिशेब करून तुला परत आत आणत नाही.

आणि बाकावरच्या सेटरबद्दल एक गोष्ट, कारण पुढच्या वर्षी कदाचित ती जागा तुझी असेल. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी पोलंडचा पहिला सेटर होता मार्चिन यानुश, दुसरा ग्जेगोश वोमाच. वोमाच तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. वर्षानुवर्षं त्याचं काम बहुतेक वेळा हेच : दुहेरी बदलात आत यायचं, तीन-चार चेंडू उचलायचे, बाहेर जायचं. ७ ऑगस्ट २०२४ ला उपांत्य सामन्यात अमेरिकेनं पोलंडला चेपलं होतं. पहिला सेट पोलंडचा, दुसरा २७-२५ अमेरिकेचा, तिसरा तर २५-१४. लिबेरो झाटोर्स्कीचा खांदा दुखावलेला. अशा वेळी यानुशच्या जागी वोमाच आत आला आणि पुढे राहिलाच. चौथा सेट २५-२३, पाचवा १५-१३, पोलंड अंतिम फेरीत. तो सामना मिळाला तर बघ. वोमाचनं काही चमत्कार केले नाहीत. चेंडू पुन्हा पुन्हा सरळ, उंच, मारणाऱ्याला सोयीचा दिला. विस्कटलेल्या संघाला तेव्हा तेवढंच हवं होतं.

सरावाचंही सांगतो. बाहेर असशील ते तीन फेरे बाकावर गप्पांत घालवू नकोस. समोरच्या संघाची मधली ब्लॉकर पहिलं पाऊल कुठे टाकते ते बघत उभी राहा. आत गेल्यावर पहिला चेंडू त्याच्या उलट दे. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग, आणि घरच्यांना हे पान वाचायला दे.

प्रश्न : एवढं कौतुक करता, पण मोठ्या अंतिम सामन्यांत ग्रबिच हरतातच ना? २०२२ ची जागतिक स्पर्धा, पॅरिस ऑलिंपिक. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही हरले, खरं आहे. २०२२ मध्ये कातोवित्सेच्या स्पोदेक सभागृहात, घरच्या प्रेक्षकांसमोर, पहिला सेट जिंकूनही इटलीकडून १-३. पॅरिसमध्ये फ्रान्सकडून ०-३, आणि त्या फ्रेंच संघात बेंजामिन तोनिउती होता. झाक्साला चॅम्पियन्स लीग जिंकून देताना ग्रबिच यांचा सेटर हाच.

पण ‘हरतातच’ कसं म्हणता? २०२३ मध्ये नेशन्स लीगचा, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या वार्षिक स्पर्धेचा, अंतिम सामना ग्दान्स्कमध्ये अमेरिकेविरुद्ध जिंकला. त्याच वर्षी रोममध्ये युरोपियन. २०२५ ला चीनमधल्या निंगबोत पुन्हा नेशन्स लीग, इटलीला ३-० हरवून. त्याआधी क्राकूव्ह आणि व्हेरोना तर वर आलंच आहे.

पॅरिसच्या रौप्याकडे पोलंडच्या डोळ्यांनी बघा. २००४, २००८, २०१२, २०१६, २०२०, सलग पाच ऑलिंपिकमध्ये पोलंडचा पुरुष संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला होता. मधे २०१४ आणि २०१८ ला हाच देश जगज्जेता झाला, तरीही ऑलिंपिक आलं की त्याच पायरीवर अडखळायचा. पोरं बदलली, प्रशिक्षक बदलले, पायरी तीच. पॅरिसमध्ये स्लोव्हेनियाला ३-१ हरवून ती पायरी ओलांडली गेली. १९७६ च्या माँट्रियलमधल्या सुवर्णानंतर पोलंडच्या व्हॉलीबॉलला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक होतं, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. अंतिम सामन्यात जखमी, दमलेला संघ उत्तम खेळणाऱ्या फ्रान्ससमोर कमी पडला. याला मी अपयश म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर वाद घालीन.

प्रश्न : आपल्या भारतीय संघालाही सर्बियन प्रशिक्षक होते असं ऐकलं. मग आपण का नाही पुढे गेलो? (एक क्रीडाशिक्षक, धाराशिव)

उत्तर : होते. २०१९ मध्ये ड्रॅगन मिहाइलोव्हिच भारतीय पुरुष संघाबरोबर होते. पण प्रशिक्षक ही वरची वीट आहे. ग्रबिच यांना पोलंडमध्ये बारा-चौदा तयार खेळाडू मिळाले, ते दरवर्षी कित्येक महिने तगड्या लीगमध्ये खेळून आलेले असतात. उन्हाळ्यात स्पावाच्या सराव केंद्रात ते जमतात तेव्हा ग्रबिच यांना सर्व्हिस कशी टाकायची हे शिकवावं लागत नाही. कोणाला खेळवायचं, एवढंच ठरवायचं असतं. आपल्याकडे उंच पोरं आहेत, उडी आहे, गावोगावी जाळी बांधलेली आहेत. वर्षभर चालणारी लीग आणि एकाच प्रशिक्षकाला सलग तीन-चार वर्षं, या दोन गोष्टी मिळाल्या तर परदेशी माणसाच्या येण्याला अर्थ राहील. तुमच्या शाळेच्या मैदानावर जाळं रोज लागतं का, हे मला नक्की कळवा. कोणत्या शाळांत रोज खेळ होतो याची यादी मी करतोय.

प्रश्न : ते आता कुठे आहेत? (अनेक वाचक)

उत्तर : पोलंडमध्येच. २०२५ मध्ये फिलिपिन्सला झालेल्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत इटलीनं पुन्हा हरवलं, मग चेकियाला ३-१ हरवून कांस्यपदक. करार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपर्यंत आहे. कुरेक आणि झाटोर्स्कीच्या पिढीनंतरचा संघ त्यांना तोपर्यंत उभा करायचा आहे. नवे सेटर कोण येतात, याकडे माझं लक्ष असेल.